जुना संच, नवे गाणे : प्रसिद्धीचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

नव्याने उभ्या राहिलेल्या गायकाला किंवा वाद्यवृंदाला कोणी ओळखत नाही, ही त्याची अडचण असते. पंचवीस-तीस वर्षे गाणाऱ्या संचाची अडचण निराळी आणि काहीशी चमत्कारिक असते. त्याला सगळेच ओळखतात. निदान आपण ओळखतो असे सगळ्यांना वाटते. अशा संचाने नवे गाणे बसविले, की श्रोता कौतुकाने मान डोलावतो आणि म्हणतो, "छान! आता ते जुने होऊन जाऊ द्या." हे वाक्य ज्याने मांडवात उभे राहून ऐकले असेल त्यालाच त्यातील बोच कळते.

प्रस्तुत लेखात या एकाच अडचणीचा विचार करावयाचा आहे. जुन्या संचाने आपले नवे गाणे लोकांपर्यंत कसे न्यावे? विषय वरवर पाहता व्यापाराचा वाटेल, आणि वाणिज्य शाखेच्या मित्रांनी तो हाताळावा असेही कोणी सुचवील. परंतु कलावंत आणि त्याचा श्रोता यांचे नाते हा आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्याही अभ्यासाचा भाग आहे. गाणे चांगले असून ते लोकांपर्यंत पोहोचले नाही, तर त्यात नुकसान केवळ पैशांचे होत नाही.

या विषयाकडे मी वळले त्याला घरचेही कारण आहे. माझे बाबा मुरुड परिसरातील एका बेंजो पार्टीत ढोलकी वाजवितात. ज्यांना बेंजो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : बुलबुलतरंग या वाद्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा असतात, त्याला वीज जोडून, आवाज मोठा करून, आपल्या किनाऱ्यावर हळदीला, पालखीला आणि मिरवणुकीला जे वाजवितात ते बेंजो. जोडीला ढोलकी, ताशा, कॅसिओ आणि अलीकडे ऑक्टोपॅड. विजेवर वाजणारी तार, तिच्यामागे दणदणीत ठेका, आणि समोर नाचणारी तरुण मंडळी. परदेशात ज्याला रॉक बँड म्हणतात त्याच्याशी नाते सांगणारे आपल्याकडे काही असेल तर ते हेच, असे मला वाटते. बाबांच्या संचाने यंदा एक नवे कोळीगीत रचले आहे. संचातील बहुतेक मंडळी पन्नाशीच्या पुढची आहेत. पाठीमागे उभी राहणारी पोरे नोकरीसाठी पनवेल-मुंबईकडे गेली आहेत. हे गाणे रुजले तर संचात नवे हात येतील. न रुजले तर जुन्याच फर्माइशी वाजवीत संच एके दिवशी थांबेल. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. तेव्हा इथे शिकलेल्या अभ्यासाच्या पद्धतीचा घरच्या प्रश्नाला काही उपयोग होतो का, हे पाहावे, असे मनात आले.

एका गाण्याचा प्रवास

इंग्रजीत ज्याला 'सिंगल' म्हणतात त्याचा मूळ अर्थ असा, की पुष्कळ गाण्यांच्या संग्रहातून नव्हे, तर एकट्यानेच बाजारात येणारे गाणे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मावत. १९४९ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची सात इंची लहान तबकडी आणली. एका बाजूला मुख्य गाणे आणि पाठीवर दुसरे, अशी तिची रचना रूढ झाली. पुढे कॅसेटच्या काळात एकेक गाणे आठ-दहा गाण्यांच्या गर्दीत शिरले. आज यूट्यूब आणि मोबाइलमुळे गाणे पुन्हा एकटे फिरू लागले आहे. म्हणजे फिरून फिरून आपण तबकडीच्याच रीतीकडे आलो आहोत.

एकट्या गाण्याला आपली ओळख आपणच सांगावी लागते. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी तबकडीवर मुद्रित झाली. त्या काळच्या अनेक तबकड्यांत गाणे संपता संपता गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. मुद्रण इथे होई, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना चिकटपट्टीवर कोणाचे नाव छापावयाचे हे कळावे, हा त्यातला हेतू. ही युक्ती परकीय यंत्राची असली तरी आपल्याला ती नवी नव्हती. संतांच्या अभंगांत आणि शाहिरांच्या लावणी-पोवाड्यांत शेवटच्या कडव्यात कर्त्याची नाममुद्रा येतेच. गाणे कितीही दूर गेले, तरी ते कोणाचे हे त्यातच नोंदलेले राही. आपल्या हळदीच्या गाण्यांत संचाचे आणि गावाचे नाव गुंफण्याची जी चाल आहे, तीही याच जातीची आहे. प्रसिद्धीचा पहिला धडा इथेच मिळतो : नाव गाण्याच्या पोटात असावे, नुसते फलकावर नसावे.

मुंबईतील एक दाखला : रॉक मशीन ते इंडस क्रीड

महाराष्ट्रातील जुन्या रॉक बँडचा दाखला घ्यावयाचा तर मुंबईच्या 'इंडस क्रीड'चा घ्यावा लागेल. हा संच १९८४ साली 'रॉक मशीन' या नावाने उभा राहिला. पुढे उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया ही नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक वाद्यवृंद परदेशी गाणीच हुबेहूब वाजवून दाखवीत. या मंडळींनी स्वतःची गाणी रचली. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० साली 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे संग्रह निघाले. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले, आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली नव्या नावाचा संग्रह आला. १९९७ साली संच फुटला.

आपल्या विषयाला महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. तेरा वर्षांनी, २०१० साली, संच पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली त्याने 'इव्हॉल्व्ह' हा संपूर्ण नव्या गाण्यांचा संग्रह काढला. या घटनेतून तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, एकत्र येऊन केवळ जुनी गाणी वाजवीत फिरणे त्यांना शक्य होते. आठवणींना गिऱ्हाईक नेहमीच असते. तरीही त्यांनी नवी रचना करण्याचा मार्ग पत्करला. जुन्या संचाने नवे गाणे काढणे ही मुळातच एक भूमिका असते. आम्ही अजून संपलेलो नाही, असे तो संच सांगत असतो. प्रसिद्धीत हीच भूमिका स्पष्ट व्हावी.

दुसरी गोष्ट, पुनर्जन्माच्या वेळी बास गिटारवर रशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे तरुण वादक आले. जुना चेहरा आणि नवा हात एकाच रंगमंचावर दिसला, तर समोरच्या तरुणाला ते गाणे केवळ वडिलांच्या पिढीचे वाटत नाही. ही योजना वादनाच्या सोयीची असेल; पण तिचा परिणाम प्रसिद्धीवरही होतो.

तिसरी गोष्ट वाटेविषयीची आहे. १९९३ साली गाणे घरोघरी नेणारी वाट म्हणजे दूरचित्रवाणीवरील संगीताची वाहिनी. २०१२ साली वाहिनीचे नाव तेच राहिले होते. पण २००३ पासूनच्या 'रोडीज'सारख्या कार्यक्रमांनी तिच्यावरील पुष्कळ जागा व्यापली होती. तोवर श्रोता इंटरनेटकडे वळला होता. जुन्या संचाला हा धोका नेहमीचा असतो. ज्या वाटेने तो एकदा मोठा झाला, त्याच वाटेने पुन्हा जावे असे त्याला वाटते, आणि तेवढ्यात लोक दुसऱ्या वाटेने जाऊ लागलेले असतात. आमच्याकडेही कॅसेट काढण्याच्या गोष्टी कालपरवापर्यंत निघत होत्या. कॅसेट वाजवायचे यंत्र मात्र वाडीत शोधून सापडत नाही.

समुद्रापलीकडील दोन दाखले

रॉक संगीताचे मूळ जिथे आहे तिकडेही डोकावून पाहू. १९६२ साली लंडनमध्ये सुरू झालेला 'रोलिंग स्टोन्स' हा संच आजही गातो आहे. स्वतःच्या नव्या रचनांचा संग्रह त्यांनी २००५ नंतर थेट २०२३ साली काढला. त्याचे नाव 'हॅकनी डायमंड्स'. हॅकनी हा लंडनचा एक भाग. चोराने काच फोडली की रस्त्यावर जे तुकडे चमकतात त्यांना तिकडच्या बोलीत हे गमतीचे नाव आहे. या जगप्रसिद्ध संचाने पहिली जाहिरात कोठे द्यावी? ऑगस्ट २०२३ मध्ये ती 'हॅकनी गॅझेट' या स्थानिक वृत्तपत्रात आली. वरकरणी ती काचा बसवून देणाऱ्या एका दुकानाची साधी जाहिरात होती; परंतु मजकुरात स्टोन्सच्या जुन्या गाण्यांची नावे बेमालूम पेरलेली होती. ज्यांना ओळख पटली त्यांनी ती इतरांना दाखविली, आणि बातमी जगभर गेली. ६ सप्टेंबरला हॅकनीतीलच एका जुन्या नाट्यगृहात मुलाखत झाली आणि त्याच दिवशी 'अँग्री' हे पहिले गाणे प्रकाशित झाले. संपूर्ण संग्रह २० ऑक्टोबरला आला. गाण्याच्या चित्रफितीत एक तरुण नटी मोटारीतून चालली आहे आणि रस्त्याकडेच्या फलकांवरील स्टोन्सची जुनी छायाचित्रे जिवंत होऊन नवे गाणे गात आहेत, असे दाखविले आहे. चेहरे जुन्या काळातले आणि शब्द आजचे, एवढीच ती कल्पना. पण सगळे मर्म तिच्यात आले.

दुसरा दाखला 'बीटल्स'चा. त्यांचे 'नाऊ अँड देन' हे शेवटचे गाणे २ नोव्हेंबर २०२३ रोजी निघाले. जॉन लेनन यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते घरच्या साध्या कॅसेटवर गाऊन ठेवले होते. १९८० साली त्यांचा खून झाला. १९९५ च्या सुमारास उरलेल्या तिघांनी ते पुरे करण्याचा प्रयत्न केला; परंतु पियानोच्या आवाजात गळा बुडून गेला होता, म्हणून काम सोडून द्यावे लागले. पुढे संगणकाच्या साहाय्याने पियानो आणि आवाज वेगळे करता आले आणि गाणे पूर्ण झाले. प्रसिद्धीचा क्रम पाहण्यासारखा आहे. १ नोव्हेंबरला गाणे कसे घडले हे सांगणारा एक लहान माहितीपट, २ नोव्हेंबरला गाणे, ३ नोव्हेंबरला पीटर जॅक्सन यांनी केलेली चित्रफीत. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्यांचे १९६२ सालचे पहिले गाणे 'लव्ह मी डू' ठेवले होते. त्याच महिन्यात हे गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यापूर्वी बीटल्सचे गाणे त्या जागी होते १९६९ साली.

या मंडळींजवळ कीर्ती आणि पैसा अमाप आहे, तेव्हा त्यांच्याशी आपली तुलना ती काय, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. त्यांचा थाट आपल्याला पेलणार नाही. पण त्या थाटामागचा हिशेब पाहिला तर तो खर्चाचा नाही. स्टोन्सनी बातमी प्रथम एका पेठेच्या वृत्तपत्राला दिली. बीटल्सनी गाण्याआधी गाण्याची हकीकत सांगितली, आणि नव्याच्या पाठीवर जुने ठेवले. दोघांनीही दिवस आधी ठरविले आणि ते पाळले. यातले काय मुरुडला करता येणार नाही?

आपल्याकडील रीत

आपल्या मराठी मुलखात हे ज्ञान नव्हते असे मानण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'चा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत येई, आणि त्याचे शब्द पुण्याच्या वृत्तपत्रांत छापून येत. गाणे कानांवर पडून जाते. शब्द हातात राहिले तर माणूस ते पुन्हा गुणगुणतो. संगीत नाटकांच्या पदांच्या चोपड्या आणि चित्रपटगृहाबाहेर मिळणारी गाण्यांची पुस्तके यांमागेही हेच तत्त्व होते. आरंभासाठी रामनवमीचा दिवस निवडला, तोही उगाच नव्हे. त्या दिवशी श्रोत्याचे मन त्या विषयाकडे आधीच लागलेले असते.

अगदी अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या 'महाराष्ट्र शाहीर' या चित्रपटाचे देता येईल. शाहीर साबळे यांच्या जीवनावरील हा चित्रपट त्यांचे नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केला. त्यातील अजय-अतुल यांच्या 'बहरला हा मधुमास' या गाण्यावर गावोगावच्या मुलींनी, आज्यांनी, शिक्षकांनी नाच करून त्याच्या फिती मोबाइलवर टाकल्या. नाचाची चाल सोपी होती, कोणालाही पाहून उचलता येईल अशी. श्रोता तिथे नुसता श्रोता राहिला नाही. गाणे पुढे नेणारा तोच झाला. वेसाव्याच्या 'वेसावकर आणि मंडळी'ची कोळीगीते कॅसेटवरून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली, तीही दुकानापेक्षा मांडवातून अधिक. हळदीत ती नाचली गेली, म्हणून घराघरांत गेली.

याहूनही जवळचा धडा आमच्या मासळीबाजारात मिळतो. नवखी विक्रेती आल्यागेल्याला हाका मारते. वर्षानुवर्षे बसणारी कोळीण बांधलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारीत नाही. "आज सुरमई आलीय" एवढा निरोप त्याच्या घरी धाडते. आणि गिऱ्हाईक आले की मासळीचे गुणगान करीत बसत नाही. कल्ला उघडून आतला लाल रंग दाखविते. जुन्या संचाने नेमके हेच करावे. आपल्या माणसांना आधी निरोप द्यावा, आणि गाण्याविषयी बोलत बसण्यापेक्षा त्याचा एक तुकडा ऐकवावा. मात्र कालची मासळी आजची म्हणून खपवू नये. जुन्या चालीवर नवे शब्द बसवून ते 'नवे गाणे' म्हणून पुढे केले, तर बांधलेले गिऱ्हाईक एकदाच फसते.

मुरुडच्या संचासाठी एक आराखडा

वरील विवेचनावरून बेंजो पार्टीसारख्या संचासाठी एक आराखडा मांडून पाहते. आपल्या किनाऱ्याचे वर्ष पंचांगावर आणि दर्यावर चालते, तेव्हा प्रसिद्धीचे वेळापत्रकही त्याच आधारे ठरविणे योग्य होईल.

जून-जुलै हा मासेमारीबंदीचा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पुरुषमंडळी घरी, जाळी विणण्याचे काम चाललेले. लग्नसराई नसल्याने संचालाही सुपाऱ्या नसतात. हा काळ तालमीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. एकच गाणे घ्यावे. संचाला चार गाणी सुचली असली तरी तीन पुढच्यासाठी ठेवावीत. शब्द आपल्या बोलीतच असू द्यावेत. सर्वांना कळावे म्हणून बोली घासूनपुसून पुस्तकी केली, तर गाणे कोणाचेच राहत नाही. संचात गावातील एक-दोन शिकती मुले जरूर घ्यावीत. ऑक्टोपॅडवर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा आपल्या मित्रांना आपोआपच सांगतो.

जुलैच्या मध्यावर गाणे कोळीवाड्यातील महिला मंडळांच्या हाती द्यावे. नारळी पौर्णिमेला त्यांना नाचासाठी गाणे हवेच असते. तीन-चार आठवडे आधी मिळाले, तर त्या आपल्या मनाने नाच बसवितील. तोवर गाणे कोठेही प्रसिद्ध करू नये. तालमीच्या आवाजाने वाडीत जी कुजबुज होईल तीच पहिली जाहिरात. याच सुमारास अलिबागच्या 'कृषीवल'सारख्या जिल्ह्यातील वृत्तपत्राकडे एक लहानसे टिपण पाठवावे. त्यात गाण्याची स्तुती नसावी. संच किती वर्षांचा, गाणे कशावर आहे, ते का सुचले, एवढी हकीकत असावी. बाबांच्या संचाचे गाणे नोकरीला गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या होडीविषयी आहे. एवढे एक वाक्य बातमी होण्यास पुरेसे आहे.

नारळी पौर्णिमा हा प्रकाशनाचा दिवस. त्या दिवशी सारा वाडा बंदरावर असतो. क्रम असा ठेवावा : आधी एक गाजलेले जुने गाणे, मग नवे, आणि त्याला लागूनच पुन्हा जुने. आरंभी नवे ठेवले तर लोक अजून जमत असतात. शेवटी ठेवले तर घरी निघालेले असतात. त्याच संध्याकाळी गाणे यूट्यूबवर यावे. जमलेल्यांच्या हाती एक कागद द्यावा. एका बाजूला नव्या गाण्याचे शब्द, पाठीवर संचाच्या पहिल्या गाण्याचे, आणि कोपऱ्यात मोबाइलने टिपता येईल असा क्यूआर कोड. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, हेही वेळ ठरविताना विसरू नये.

यानंतर दोन-तीन आठवड्यांत गणपती येतात. हा सर्वांत मोलाचा काळ, कारण मुंबई-ठाण्याचे चाकरमानी गावी येतात. आजवर आपण त्यांना केवळ पाहुणे समजत आलो. वास्तविक तेच आपले टपालवाले आहेत. घरोघरी आरतीनंतर नाच होतो. तिथे हे गाणे दोन वेळा वाजले, की अनंत चतुर्दशीनंतर ते मोबाइलमधून मुंबईच्या चाळींत आणि कोळीवाड्यांत पोहोचेल. ध्वनिमुद्रण वितरकामार्फत नोंदविले, तर इंस्टाग्रामच्या संगीतसंग्रहातही ते मिळते आणि इतरांना त्यावर आपल्या फिती करता येतात. हे काम गणपतीपूर्वीच उरकलेले असावे.

तुळशीच्या लग्नानंतर हळदी सुरू होतात. इथे संचाने एक नियम पाळावा. जे जुने गाणे सर्वांत जास्त मागितले जाते, त्याच्या लगेच आधी नवे गाणे वाजवावे. त्या जुन्या गाण्याच्या आशेने मांडव भरलेला असतो. शिमग्यापर्यंत प्रत्येक हळदीत हा क्रम ठेवला, तर पुढच्या नारळी पौर्णिमेला ते नवे राहणार नाही. त्याचीच फर्माइश होईल. प्रसिद्धी एका दिवसात होत नाही, आणि पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून हिरमुसले होणे हे वर्षभर मुरणाऱ्या कामाला शोभत नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना हक्कांविषयी. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, वाजविले कोणी, हे प्रकाशनापूर्वी कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा अधिक सुरक्षित झाला आहे. परंतु मुळात नावच नोंदलेले नसेल, तर कायदा कोणाच्या मदतीला येणार? लोकसंगीतात 'पारंपरिक' या एका शब्दाखाली अनेकांची नावे पुसली गेली आहेत.

दुसरी सूचना पैशांविषयी. यूट्यूबवर गाणे टाकले की पैसे येतात, ही समजूत चुकीची आहे. जाहिरातींचा वाटा मिळावयास त्या वाहिनीचे किमान १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन, किंवा नव्वद दिवसांत लघुफितींची एक कोटी दर्शने, अशी अट आहे. लहान संचाचे खरे उत्पन्न सुपारीतच असते. तेव्हा गाण्याने सुपाऱ्या वाढल्या का, कोठून वाढल्या, हे एका वहीत लिहीत जावे. मुद्रणाचा खर्च, कागदांचा खर्च आणि गाणे ऐकून आलेली प्रत्येक सुपारी, एवढ्या तीन नोंदी पुरेत.

उपसंहार

आतापर्यंतच्या चर्चेचे सार असे सांगता येईल. जुन्या संचाजवळ नव्या संचाला न मिळणारे एक धन असते, ते म्हणजे लोकांचा विश्वास. हा विश्वास जुन्या गाण्यांनी मिळविलेला असतो, म्हणून जुन्याला बाजूला सारून नवे पुढे रेटणे कृतघ्नपणाचे आणि तोट्याचेही होईल. परंतु त्या विश्वासावर नुसते बसून राहिले, तर तो दरवर्षी थोडा थोडा आटत जातो, कारण तो ठेवणारी माणसेही वृद्ध होत असतात. जुन्या गाण्याने दार उघडून द्यावे आणि नव्याने आत जावे. आणि आत गेल्यावर ते गाणे संचाने आपल्याजवळ न ठेवता नाचणाऱ्यांच्या, गाणाऱ्यांच्या, गावाबाहेर राहणाऱ्यांच्या स्वाधीन करावे. इंडस क्रीडने नव्या वादकांना जवळ केले, स्टोन्सनी आपल्या पेठेला पहिला मान दिला, बीटल्सनी पहिल्या गाण्याच्या सोबतीने शेवटचे पाठविले. मार्ग वेगळे, पण आपल्या माणसांपासून आरंभ करावा, हे सूत्र समान आहे.

आपल्या तालुक्यात असे संच एकदोन नाहीत. बेंजो आहेत, भजनी मंडळे आहेत, जाखडीनाचाचे फड आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी नव्या रचना केल्या असतील आणि त्या वहीतच राहिल्या असतील. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या गावच्या एकेका संचाकडे जाऊन त्यांचे एकेक नवे गाणे शब्दांसह उतरून घेतले, कर्त्याचे नाव नोंदविले, आणि ते लोकांपर्यंत नेण्यास हातभार लावला, तर तो आपल्या शिक्षणाचा चांगला उपयोग ठरेल. प्राध्यापकवर्गाने या कामी मार्गदर्शन करावे अशी विनंती करून, येत्या नारळी पौर्णिमेला सर्वांना बंदरावर येण्याचे निमंत्रण देते.